चालकाशी बोलू नये

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नाही. आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि एकदा ते नाव चिकटलं की निवृत्तीनंतरही सुटत नाही. मी नगरकडच्या अकोल्याला बदलून आले तेव्हा कुणीतरी सांगितलं, मास्तरांच्या माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. मला वाटलं, शाळामास्तर असतील, घर शांत असेल. खोल्या बघायला जिना चढून वर जाते तोच खाली लोखंडी कठड्यावर ‘टक’ असा आवाज झाला आणि खाकी पँटमधला एक म्हातारा ओरडला, “पुढं जागा हाय, पुढं सरका!” माझ्या पुढे फक्त भिंत होती.

हातात त्यांच्या तिकिटं पाडायचा जुना पंच असायचा. नोकरीच्या शेवटी तिकिटाची मशीनं आली, पण पंच काही त्यांनी सोडला नाही. जे लोखंड जवळ असेल त्यावर तो आपटायचा. एक टक म्हणजे थांबा, दोन टक म्हणजे चला. जगाशी त्यांचा बराचसा व्यवहार या दोन आवाजांवर चालायचा. दूधवाला पाणी मिसळलेलं दूध ओतायला लागला की एक टक. चहा हवा असला की दोन टक.

“लगीन झाल्यापून या मानसानं मला एकदा नावानं हाक मारली न्हाई,” काकू म्हणजे त्यांची बायको मला सांगायच्या. “दोनदा वाजवलं की च्या ठेवायचा, एकदा वाजवलं की ग्यास बंद. मी काय बस हाय व्हय?” तेवढ्यात बाहेरून ‘टक’ व्हायचं आणि काकू बोलता बोलता गॅस बंद करायच्या.

दुसरं म्हणजे त्यांचं एक ठरलेलं वाक्य. अकोल्याहून राजूरकडे, भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या जीपा गच्च भरून सुसाट सुटतात आणि एसटी मागून सावकाश येते. जीपांवर त्यांचा जन्माचा राग. त्यामुळे कुणी कशाचीही घाई केली की ते म्हणायचे, “घाई हाय त्यानं जीपनं जावं.” लग्नाचा मुहूर्त टळत चालला म्हणून कुरकुरणाऱ्या पाहुण्यांना, डाळ शिजत नाही म्हणणाऱ्या काकूंना, आणि एकदा तर इंजेक्शन पटकन उरकायला निघालेल्या मला. दंडातली सुई बाहेर काढायच्या आत मी ते ऐकलं.

मी सरकारी दवाखान्यात नर्स. तेव्हा मी फार थकलेली होते. असे थकवे असतात की झोपून जात नाहीत. उठलं की ते उशाशी बसलेलेच असतात. नवरा चाकणला कंपनीत, एका आठवड्याआड यायचा आणि आल्या आल्या झोपायचा. त्याचंही चूक नव्हतं. मनू दोन वर्षांची व्हायची होती. किती उपचार, किती नवस, किती वेळा हाती आलेलं निसटलं, तेव्हा कुठे झालेली ही पोर. तिला मी खाली ठेवत नसे. घरात लादीवर मोजे घालून दुडदुडायची तेवढंच. बाहेर मात्र कडेवर.

लोक हसायचे, पण त्यांना काय माहीत? डोंगर माझ्याकडे दवाखान्यात येतो. विंचू चावलेली पोरं येतात, फुरसं चावलेली येतात, झाडावरून पडलेली, जाळीत फाटलेली, मधमाशांनी सुजवलेली. जमीन म्हणजे जिच्यावरून पोरं उचलून आणतात ती जागा, एवढीच माझी जमिनीशी ओळख उरली होती.

मी ड्यूटीवर गेले की मनू काकूंकडे. पण रात्रपाळीचा आठवडा आला की सगळं कोसळायचं. काकूंना रक्तदाब, मनूला माझ्याशिवाय झोप नाही. शेवटी सासूबाईंनी फोनवर निकाल दिला. त्या श्रीरामपूरकडे, मळ्यात. ऊस, पाटाचं पाणी, गाई, भरलेलं घर. “शिमगा झाला की मी येते नि पोरीला घिऊन जाते. शाळंत घालायच्या टायमाला बघू. तू तरी माणसात येशील.” त्या वाईट बोलत नव्हत्या. मी हो म्हटलं. हो म्हटल्यावर मला पहिल्यांदा वाटलं ते सुटल्यासारखं, आणि असं वाटलं म्हणून मी मोरीत नळ सोडून रडले. होळीनंतर माझं पोर माझ्याजवळ नसणार होतं, आणि ते अडवायचं बळ माझ्यात नव्हतं.

काकूंना हे मी जिन्यात सांगितलं. मास्तर खाली सायकलीला तेल घालत होते. दिवाळीनंतरचा पहिला रविवार होता. सकाळी माझ्या दाराच्या कडीवर दोन टक पडले. उघडलं तर मास्तर: खाकी पँट, स्वच्छ शर्ट, खांद्यावरून तिरकी घातलेली चामड्याची जुनी पिशवी.

“सिस्टर, पोरीला चपला घाला. गाडी लागलीय.”

“कुठली गाडी?”

“टेकडीची.”

घरामागून एक पायवाट टेकडीवर जायची. वर देवीचं छोटंसं ठाणं होतं. मोठा माणूस रमतगमत गेला तरी सकाळच्या न्याहारीला परत येईल एवढीच चढण. मी नाही म्हणणार होते, पण नाही म्हणायलाही वाद घालावा लागतो. मी मनूला कडेवर घेतलं आणि चालू लागले. पायवाट जिथे सुरू होते तिथे मास्तरांनी पाण्याच्या स्टीलच्या बाटलीवर पंच आपटला. टक.

“ड्रायवर खाली उतरवा.”

मला कळेना. त्यांनी मनूकडे बोट केलं. मग त्यांनी मला नियम सांगितले, म्हणजे एसटीत लिहिलेलं असतं तेच. वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. चालक पुढे, आपण मागे. तो थांबला की आपण थांबायचं. “चल” म्हणायचं नाही, “ये” म्हणायचं नाही, “छी” तर नाहीच. उचलायचं नाही. “आन सारखं पडशील, पडशील करायचं न्हाई. मी इतकी वर्सं गाडीत उभा ऱ्हायलो, पन घाटात ड्रायवरला कधी म्हनलो न्हाई की बाबा, दरी हाय. त्याला दिसती ना.”

“मास्तर, ती दोन वर्षांचीही नाही.”

“मंग नवा ड्रायवर हाय. नव्याशी तर आजाबात बोलू नये.”

पहिल्या रविवारी आम्ही घराच्या मागच्या भिंतीपासून आंब्याच्या झाडापर्यंत गेलो. म्हणजे माझ्या गॅलरीतून दिसतं तिथवर. मनू मातीत उतरली आणि आधी तिने पाय वर उचलून धरले, मला शोधलं, ओठ काढले. मी पुढे झाले. टक. मी थांबले. मग तिने एक पाय टेकवला. त्या पायाखाली काहीतरी कुरकुरलं, वाळलेलं पान असेल. तिने पाय उचलला, परत ठेवला. परत कुरकुरलं. सकाळभर तिने तेवढंच केलं. मी आंब्याखाली बसले, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझे दोन्ही हात रिकामे होते. त्यांचं काय करायचं ते मला समजेना.

आता कुणाला वाटेल, मास्तर म्हणजे रानाचे जाणकार असतील. छे! त्यांना काडीचंही माहीत नव्हतं. बाजारपेठेतल्या गल्लीत वाढलेला माणूस, आणि नंतर सगळी हयात घाटाच्या गाडीत. डोंगर त्यांनी पाहिले ते खिडकीतून, एका हातानं दांडी धरून, दुसऱ्या हातानं सुटे पैसे देत. कुठला फाटा कुठे आणि कुठल्या वळणावर कुणाला मळमळतं हे त्यांना पाठ. पण झाड म्हणजे झाड आणि पाखरू म्हणजे पाखरू. मनू बोट दाखवून “हे?” विचारायची. मास्तर वाकून गंभीरपणे बघायचे आणि म्हणायचे, “म्हाईत न्हाई बा.” मग दोघं मिळून बघायची. मी कधी नाव सांगायला तोंड उघडलं की टक.

शेणाची गोळी ढकलत नेणारा किडा बघण्यात एक अख्खा रविवार गेला. किडा खड्ड्यात पडला की मनू “अले, अले” करायची आणि मास्तर कपाळाला हात लावायचे. बैलाच्या खुराच्या खळग्यात साठलेलं पाणी बघण्यात दुसरा गेला. त्यात तिने आधी बोट घातलं, मग हात, मग बसली. माझ्या डोक्यात जंत, जुलाब, धनुर्वात असं सगळं ओळीनं येऊन गेलं. मी दात आवळून उभी राहिले. मुंगळा चावला तेव्हा ती टाहो फोडून रडली, बोट बघितलं, मग तो मुंगळा कुठे गेला ते बघितलं. पुढच्या रविवारी मुंगळ्यांची रांग आली तेव्हा ती वळसा घालून गेली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पायवाटेवर बऱ्यापैकी वर एक कातळाची पायरी होती. मला गुडघ्याएवढी, मनूला छातीएवढी. आमची गाडी थंडीभर तिथवरच जायची. मनू हात टेकायची, एक पाय वर टाकायचा प्रयत्न करायची, घसरायची, आणि मग तिथेच बसून खडे वेचायची. एकदा हात दिला असता तर ती वर गेली असती आणि देवी लांब नव्हती. पण मास्तर नाही म्हणजे नाही. ते कातळाला टेकून बसायचे, पिशवीतून जिरागोळ्या काढायचे, एक मला, एक मनूला.

तिथेच एकदा त्यांनी मला सांगितलं. मी विचारलं होतं की तुम्हाला ही हौस कुठून लागली. मास्तरांनी गोळी एका गालात सरकवली.

“माझी मुक्कामी गाडी असायची. म्हंजे सांजच्याला घाटघरला जायची नि सकाळी तिकडून सुटायची. रात तिकडंच, नि दिसा दुसऱ्या फेऱ्या. घरी कवा आलो तर पोरं झोपल्यावर, नि उठायच्या आत परत गेलेला. एका बारीला घरी आलो तर मुलगा दारातून चालत पुढं आला. मी म्हनलं, हा कवा चालाय लागला? ही म्हनली, झालं की लई दिस. पोरीचं बी तसंच.” मग हसून म्हणाले, “माझी दोन्ही पोरं मला चालतीच भेटली, सिस्टर.”

मुलगा तेव्हा नाशिकला होता, मुलगी संगमनेरला दिलेली. मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त स्वतःचंच वाटलं. होळीनंतर मनू जाणार होती. ती मला कशी भेटली असती? पाढे म्हणतच भेटली असती.

मग झाला तो खाजकुयलीचा प्रकार.

खाजकुयली हा शब्द मास्तरांच्या तोंडात कायम असायचा. गाडीत दंगा करणाऱ्या कॉलेजच्या पोरांना ते दम द्यायचे, “खाजकुयली टाकीन एकेकाच्या पाठीत!” पण खाजकुयलीचा वेल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पौषातली सकाळ होती, मी नेमकी दोन पावलं मागे राहून चपलेतला काटा काढत होते. कुंपणावरच्या वेलाला शेंगांचे घोस लागलेले, सोनेरी, लव असलेल्या. मनूने बोट दाखवलं, “हे?” मास्तरांनी एक शेंग तोडली. “म्हाईत न्हाई बा. पन मऊ कसली हाय बघ, मखमल!” आणि ती त्यांनी आधी आपल्या गालाला लावली, मग तिच्या हातात दिली. तिने ती लगेच हनुवटीवर घासली, कारण मास्तर करतील ते ती करायची.

त्यानंतरचं मला आठवायला नको वाटतं. मनू किंचाळत होती, मास्तर नाचत होते. मी तिला उचललं. तेव्हा टक झालं नाही. उतारावरून मी पळत खाली आले, तोंडाने एकच, “चोळू नको, चोळू नको.” काकूंनी पाहिल्या पाहिल्या ओळखलं. “अहो, ही खाजकुयली! जलमला कुठं तुमी, मुंबईत?” त्या धावत जाऊन शेजारच्या गोठ्यातून ताजं शेण घेऊन आल्या, मी चिकटपट्टीनं लव उपटायला बसले, औषध दिलं, मलम लावलं. पोरीचं तोंड लालभडक होऊन सुजलं, आणि नेमका संध्याकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन मनूला पाहिलं. मग म्हणाल्या, “मी शिमग्याची वाट बघत न्हाई. येते.”

मास्तर त्या दिवसापासून बाहेर पडेनात. दुसऱ्या दिवशी मी खाली गेले तर सुजलेला गाल घेऊन पायजम्यात बसलेले. खाकी पँट दोरीवर. पंच खुंटीला. काकू म्हणाल्या, “सस्पेंड झालेत.”

“कुणी केलं?”

“त्यांचं त्यांनीच. सवतावर रिपोट केलाय म्हनं. च्या पायजे असला तरी वाजवत न्हाई. तोंडानं मागतेत बाई! मला कसंतरीच व्हतं.”

मी त्यांना सांगितलं की मनू बरी आहे, सूज ओसरली, असं कुणाकडूनही होतं. मास्तर खाली बघून म्हणाले, “प्याशिंजरला लागलं की गाडी डेपोत, सिस्टर. त्यात बोलन्यासारखं काय न्हाई.” मला त्यांचा राग येत होता आणि दयाही येत होती. पण खरं सांगायचं तर भांडायला, समजूत घालायला, कशालाच अंगात त्राण नव्हतं. आता सासूबाई येतील आणि मनूला नेतील, मग मी झोपेन, एवढंच डोक्यात होतं.

सासूबाई शनिवारी आल्या. बरोबर रिकामी बॅग, मनूचे कपडे भरायला. रविवारी सकाळी मी भाकऱ्या थापत होते, त्या बॅग भरत होत्या. मनूने आपल्या चपला शोधल्या, उलट्या पायांत घातल्या, ओट्यावरचा चमचा घेतला आणि जिना उतरू लागली. बसून, एकेक पायरी, ढुंगणावर. सासूबाई धावल्या, त्यांच्या मागे मी. खाली जाऊन तिने मास्तरांच्या दाराच्या कडीवर चमचा आपटला. टक टक.

मास्तर बाहेर आले. पायजम्यात. मनूने आंब्याच्या दिशेने हात केला.

“मी सस्पेंड हाय गं बाय,” मास्तर म्हणाले.

सासूबाई त्यांच्यावर तोंड सोडणार अशी माझी खात्री होती. रात्रभर त्यांनी त्याची तयारी केलेली मला ऐकू येत होती. पण हे त्यांच्या तयारीत नव्हतं.

“कुनी केलं सस्पेंड?”

“मीच.”

त्यांनी पदर खोचला. “मंग मी उठवते. घाला कपडे. पोरीला कुठं कुठं नेता ती जागा मला दावा. मंग ठरवू काय करायचं ती.”

मास्तरांच्या चेहऱ्यावर एकदम वेगळाच भाव आला. आत जाऊन ते काकूंच्या कानात म्हणाले ते मला बाहेर ऐकू आलं, “चेकिंग हाय.” पाच मिनिटांत ते खाकी पँट घालून, भांग पाडून बाहेर.

त्या सकाळी सगळं त्या टेकडीवर ठरणार होतं, आणि मनू तर आंब्यापाशीच बसली. वाळलेल्या पानांत हात घालून कितीतरी वेळ. सासूबाई म्हणाल्या, “चल की गं माझी बाय.” टक. सासूबाईंनी मागे वळून पाहिलं. मळ्यात त्यांच्यावर आजवर कुणी घंटी वाजवली नव्हती. मास्तर घामाघूम झाले होते, पण म्हणाले, “बाई, चालकाशी बोलायचं न्हाई. बोर्डच हाय तसा.” मला वाटलं, संपलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दगडावर बसल्या.

मग मनू उठली. वाटेत तिला बकरीच्या लेंड्या सापडल्या, पळसाचं पहिलं केशरी फूल सापडलं, ते तिने आजीच्या हातात दिलं आणि परत काढून घेतलं. ती पडली. सासूबाई पुढे झाल्या, पंच वाजायच्या आतच थांबल्या. मनूने तळवे बघितले, एकमेकांवर झटकले, पुढे गेली. अशी आमची वरात कातळापर्यंत आली.

तिने हात टेकले, पाय टाकला, घसरली. परत टाकला. गुडघा खरचटला. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “अगं हात दे ना तिला, आई हायस का कोन?” माझा हात खरोखर पुढे गेला. मास्तरांनी पंच उचलला होता, पण वाजवला नाही. माझ्याकडे नुसतं बघत राहिले. मी हात मागे घेतला. हे लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा मी तो हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता.

मनूने कातळ सोडला. डावीकडे करवंदाची जाळी होती, तिच्या मागून बकऱ्यांनी पाडलेली एक बारकी वाट वळसा घेत होती. ती जाळीमागे दिसेनाशी झाली. आम्ही तिघं माना उंचावून. आणि मग ती कातळाच्या वरच्या अंगाला उभी होती, आमच्याहून उंच, केसांत काटक्या, आणि आम्हाला म्हणत होती, “या!”

थंडीभर आम्ही दोन शहाणी माणसं त्या कातळाकडे बघत बसलो होतो. वाट शेजारी होती.

सासूबाई त्याच वाटेनं गेल्या, मागोमाग आम्ही. लुगडं जाळीत अडकलं, ओणव्या होऊन निघाल्या. मनू तोवर सागाच्या मोठ्या पानाखाली डोकं लपवून बसली होती आणि पुढे जायचा तिचा काही विचार दिसत नव्हता. देवी वर दिसत होती, हाकेच्या अंतरावर.

“चलायचं का दर्शनाला?” मी विचारलं.

“ऱ्हाऊ दे. तिला म्हाईत हाय आपन आल्तो ती.” सासूबाईंनी तिथूनच हात जोडले. मग त्या मनूकडे वळल्या. “आमच्याकडं सगळी सपाटी,” त्या हळूच म्हणाल्या, मला की स्वतःला कुणास ठाऊक. “हिला मी तिकडं नेऊन काय करू? नुस्ती कडंवर घिऊन बशीन.”

बॅग रिकामी परत गेली. त्याऐवजी असं ठरलं की माझ्या रात्रपाळीच्या आठवड्यात सासूबाईच अकोल्याला येतील. त्या आल्या, दर महिन्याला, गुडघे, पथ्य, आणि माझ्या भाजीतल्या मिठाबद्दलची मतं घेऊन. माझा थकवा कमी झाला असं मी म्हणणार नाही. त्याचा फक्त प्रकार बदलला. पण मनू माझ्याजवळ वाढली. देवीला आम्ही पोचलो त्या पावसाळ्यानंतर कधीतरी, आणि पोचल्याचं कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही, कारण मनूला वाटेत गोगलगाय सापडली होती.

पुढे माझी बदली नगरला झाली. शहरात मनू शाळेत जायला लागली, रिक्षाने. फोन व्हायचे, तेही कमी होत गेले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत काकूंचा फोन आला. मास्तरांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. दवाखान्यातून घरी आणलं होतं, पण मुलगा त्यांना नाशिकला न्यायचं म्हणत होता. तिथे फ्लॅट, लिफ्ट, डॉक्टर जवळ. मास्तर नको म्हणत होते. शेवटी बापलेकांत ठरलं होतं की मास्तर पायरीपासून गेटापर्यंत एकटे चालत गेले तर इथेच राहतील. “पन चालू देतंय कोन त्यान्ला?” काकू म्हणाल्या.

मी मनूला घेऊन गेले. ती आता दुसरीत. अंगणात मुलाची गाडी उभी होती, डिकी उघडी, त्यात गादी आणि औषधांची पिशवी. मास्तर वॉकर धरून उभे. खाकी पँट सैल झालेली. तोंड एका बाजूला ओढलेलं. मनूला बघून त्यांचं अर्धं तोंड हसलं.

मुलगा चांगला माणूस होता, हे मी आधीच सांगते. त्याने एका हाताने त्यांचा दंड धरला होता. “बाबा, आधी डावा. डावा उचला. नाही, तसं नाही. सावकाश. खाली बघा. अहो, पडाल.” मास्तर एक पाऊल टाकत, दंड ओढला जाई, तोल जाई, मुलगा सावरी, आणि परत पहिल्यापासून. काकू दाराआड डोळे पुसत होत्या. मला राहवेना. मी नर्स आहे. “मास्तर, आधी टाच टेकवा,” मी म्हटलं, “वजन उजव्यावर...”

टक.

मनू खुंटीवरून पंच काढून जिन्याच्या कठड्यापाशी उभी होती. मी गप्प बसले, सवयीनं. मुलाने दचकून तिच्याकडे पाहिलं.

“ड्रायव्हरशी बोलायचं नाही, काका,” ती म्हणाली. “आणि धरायचं पण नाही.”

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी खाली पायरीवर बसले. मग त्याने बापाकडे पाहिलं. मास्तर समोर गेटाकडे बघत होते. हळूहळू त्याने हात सोडला आणि एक पाऊल मागे झाला.

मनूने दोनदा वाजवलं.

मास्तरांनी वॉकर पुढे ठेवला. डावा पाय फरफटत आला. परत वॉकर, परत पाय. अंगणाच्या मध्यावर येऊन ते थांबले. वॉकरवर वाकले आणि खाली बघत राहिले. बराच वेळ. मुलाचा जीव वर आला. “बाबा, चक्कर येतेय का? अंधार पडायच्या आत घाट ओलांडायला हवा...”

“मुंग्या बघतायत,” मनू म्हणाली.

खरंच, फरशीच्या फटीतून रांग चालली होती. मास्तरांनी मान वर केली. बोलायला त्यांना फार कष्ट पडत होते. ओठ हलले, थुंकी ओघळली, मग आलं, “घाई... हाय... त्यानं...”

पुढचं काही येईना. आम्ही सगळे वाट बघत होतो.

“जीपनं जावं,” मुलगा हळूच म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली आणि परत मुंग्यांकडे वळले. गेट अजून बरंच लांब होतं. मुलाने हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली आणि तो माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसला.